दरेकसाकडचा घोडा

आमच्या घरमालकांनी उभ्या नोकरीत एकाही घोड्याला हात लावलेला नव्हता, आणि तरीही निम्मं आमगाव त्यांना घोड्यांचा डॉक्टर समजत होतं. हा समज ज्या फोटोंमुळे झाला, ते फोटो मी काढलेले होते. त्यामुळे त्यांची आठवण आली की आधी माझे कान गरम होतात आणि मग हसू येतं. इतकी वर्षं झाली, क्रम तोच आहे.

ते, म्हणजे आमचे काका, पशुधन पर्यवेक्षक होते. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारे. लशी टोचायच्या, बैलांचे खांदे सुजले की मलम लावायचं, कोंबड्या मरायला लागल्या की गावोगाव फिरायचं. लोक दवाखान्यातल्या सगळ्यांनाच डॉक्टर म्हणत, तसं त्यांनाही म्हणत. आमचा मुलूख धानाचा. इथं चिखलणीला बैल आणि हेले, म्हणजे रेडे, लागतात. घोडा कोणाच्या काय कामाचा? जवळपास घोडा म्हणावं असं जनावर एकच होतं, तेही वरातीपुरतं. पण काकांच्या डोक्यात घोड्याशिवाय दुसरं काही नसे.

कारण विचारलं की ते म्हणत, "आमी पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून घोड्यावर बसून आले, मॅडम. अन् मी पाहा, मोपेडवर जाऊन राहिलो." हे सांगताना आवाजात अशी खंत, की जणू घोडा कालच बाजारात विकून आले आहेत.

ते उभ्यानं जेवत. ओट्यापाशी ताट ठेवायचं, एक हात कमरेवर, आणि जेवायचं. पाहुणे आले तरी तसंच. काकू म्हणत, "बसा ना जी, लोक काय म्हनतील." तर काका म्हणत, "घोडा कदी बसून खाते काय? घोडा बसला का समजावं, गेला." शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असे. रस्त्यात कोणी भेटलं तर आधी त्याच्या बैलाकडे पाहून "काय गा, बरा हायेस ना?" म्हणत आणि मग मालकाकडे वळत. काही मालकांना याचा राग येई.

मी त्यांच्या घरी राहायला आले ती दोन हजार सालाच्या थोडं पुढे. शाळेत नवी नोकरी लागली होती, वर्ध्याकडून आले होते, गावात ओळखीचं कोणी नव्हतं. मागची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं म्हणून गेले. काकूंनी पाणी देण्याआधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या पाणी न देताच आत गेल्या. असं मला नवीन नव्हतं. मी चप्पल पायात सरकवली. तेवढ्यात काका आतून आले आणि माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाले, "हे चालवता येते काय तुमाले?"

"थोडंफार," मी म्हटलं. भावानं पहिल्या पगाराआधीच भेट दिलेला रोलचा कॅमेरा होता. वाढदिवस आणि सहली यापलीकडे मी काही काढलं नव्हतं.

"मंग सामान कवा आनता?" ते म्हणाले.

काकूंनी आतून भांडं आपटलं. काकांनी ऐकलं नाही किंवा तसं दाखवलं. त्या दिवशी मला खोली मिळाली. कशामुळे मिळाली हे समजायला मात्र आठवडा लागला.

काकांकडे एक घोडा होता. वीतभर उंचीचा, प्लास्टिकचा, तपकिरी, पायांना पांढरे मोजे. गावातला एक मुलगा परदेशात नोकरीला होता. त्याच्या बापाची म्हैस काकांनी वाचवली म्हणून त्यानं सुटीवर येताना तो आणून दिला होता. असली खेळणी आपल्याकडच्या जत्रेत मिळत नाहीत. मानेखालची शीर दिसत होती, नाकपुडी फुगलेली होती, एक कान किंचित मागे वळलेला. काका तो घोडा हातात घेत नसत, दोन्ही तळव्यांवर धरत. खोक्यात इंग्रजीत छापलेला एक कागद होता आणि तो वाचायला त्यांना कोणी तरी हवं होतं.

मी वाचून सांगितलं. परदेशात अशा घोड्यांचे शौकीन असतात. ते आपापल्या खेळण्याच्या घोड्यांचे असे फोटो काढतात की घोडा खरा वाटावा. ते फोटो एका मंडळाकडे पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवायचे. परीक्षक घोड्याच्या जातीप्रमाणे गट करतो, नंबर देतो, आणि जिंकणाऱ्याला रेशमी फीत येते. नवशिक्यांसाठी गट वेगळा.

काकांनी कागद घेऊन मागून-पुढून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे खरा घोडा नसला तरी चालते."

"खरा नसलेलाच लागतो, काका."

त्यांनी घोडा खिडकीत ठेवला, एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "मॅडम, रविवारी काही काम हाय काय तुमाले?"

पहिल्या रविवारी आम्ही अंगणात फोटो काढले. मी उभी राहून, घोडा जमिनीवर, जसा आपण मांजराचा काढतो तसा. गोंदियाला जाऊन रोल धुऊन आणला. प्रत्येक फोटोत एक खेळणं अंगणात पडलेलं होतं. एका फोटोत घोड्याच्या पाठीवर मुंगळा चढला होता आणि तो घोड्यापुढे उंदराएवढा दिसत होता. काकांना तोच फोटो सगळ्यांत आवडला, कारण त्यात कान छान आले होते, म्हणून तोच आम्ही पाठवला. तिकडून उत्तर आलं, की गवताची काडी घोड्याच्या पायापेक्षा जाड आहे, आणि पाठीवर जे काही बसलं आहे त्याबद्दल आम्हाला काळजी वाटते. जातीच्या रकान्यात काकांनी माझ्याकडून "माळवा" लिहून घेतलं होतं. अशी जात आमच्या यादीत नाही, असंही त्यांनी कळवलं होतं.

"त्याहीले मालूम नाही," काका म्हणाले, "त्यात माळव्याचा काय दोष?"

मग आम्ही चुकत चुकत शिकत गेलो. कॅमेरा घोड्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणायचा, म्हणजे आपण जमिनीला पोट लावायचं. मागे झाड असेल तर ते दूर हवं, नाहीतर घोड्याच्या कानांतून फांद्या उगवतात. ऊन आपल्या पाठीशी आणि कोवळं हवं. दुपारी प्लास्टिक चमकतं आणि सोंग उघडं पडतं. फ्लॅश तर मुळीच नाही. माती जाड असली की तिचे खडे घोड्यापुढे धोंडे वाटतात, म्हणून काकूंची पिठाची चाळणी घेऊन आम्ही नदीची रेती चाळली. काकूंनी ती चाळणी परत घेतली नाही. काकांनी नागपूरहून साधे जत्रेतले घोडे आणले, त्यांना पॉलिश पेपरनं घासलं, रंग दिले, वासराच्या शेपटीचे केस चिकटवून शेपट्या लावल्या. कपाटाचा वरचा खण घोड्यांनी भरला. सगळ्यांची तोंडं दाराकडे. भिंतीकडे तोंड करून घोडा उभा केलेला त्यांना सहन होत नसे.

हे सगळं घरात चालत असतं तर प्रश्न नव्हता. पण फोटोला मोकळी जागा लागते.

रोवण्याचे दिवस होते. प्रत्येक बांधीत, म्हणजे खाचरात, बाया ओळीनं वाकून धानाची रोपं लावत होत्या. एका बांधाच्या टोकाला गवत शेळ्यांनी अगदी बारीक खुडलेलं होतं. काकांच्या मते ते घोड्याच्या मापाचं कुरण होतं. घोडा ठेवला. मी ओढणी कमरेला खोचली आणि त्या ओल्या बांधावर पोटावर झोपले. काका माझ्या डोक्याशी छत्री धरून उभे. "थोडं खाली, मॅडम. आणखीन खाली. हनुवटी टेकवा."

रोवणाऱ्या बायांचं गाणं मधेच थांबलं. मग एकीचा आवाज आला, "अवो, मास्तरीन बाई चिखलात काऊन लोळून राहिली?"

दुसरी म्हणाली, "डाक्टर छत्री धरून उभा हाय. जचकी करून राहिला असंल."

माझ्या त्या बाळंतपणावर पूर्ण बांधी हसली. मी मान वर केली नाही. त्यातल्या दोघींची मुलं माझ्या वर्गात होती. सोमवारी मी वर्गात शिरले तेव्हा मागच्या बाकावरून कोणी तरी घोड्यासारखं खिंकाळलं, आणि मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. मधल्या सुटीत मुख्याध्यापकांनी बोलावलं. "मॅडम, सुटीच्या दिवशी तुम्ही काय करता हा तुमचा प्रश्न आहे. पण पालक विचारून राहिले, की मॅडमला फिट येते काय."

घरी येऊन मी काकांना सांगितलं की आता मला हे जमणार नाही. ते ओट्यापाशी उभे राहून भात खात होते. घास थांबला. "लाज वाटली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मले बी वाटली," ते म्हणाले. "पन घोडा आला बरोबर."

रोल धुऊन आला तेव्हा कळलं, घोडा खरंच बरोबर आला होता. आणि माझं बंद करायचं राहूनच गेलं.

सगळ्यांत चांगला फोटो दरेकसाचा. हिवाळ्यात सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं गेलो. काकूसुद्धा आल्या होत्या, डब्यात पुऱ्या घेऊन. तोवर त्या माझ्याशी बोलायला लागल्या होत्या, बहुतेक नवऱ्याविरुद्ध साक्षीदार हवा म्हणून. स्टेशनच्या मागे जंगल आणि डोंगर. एका सपाट खडकावर चाळलेली रेती पसरली, घोडा ठेवला, मी झोपले. मागच्या डोंगरावर धुकं होतं. वारा आला आणि वासराच्या केसांची ती शेपटी लहरली. मी बटण दाबलं.

तो फोटो पाहिला तेव्हा मीसुद्धा फसले. डोंगराच्या कडेला एक घोडा उभा होता, वाऱ्याकडे तोंड करून, जणू कोणाची तरी वाट पाहत. नवशिक्यांच्या गटात त्याला तिसरा नंबर मिळाला. पिवळी फीत आली. काकांनी फोटो मोठा करून घेतला, काच लावली आणि दवाखान्यात स्वतःच्या टेबलामागे टांगला.

तिथून बिघडलं. लोक जनावर घेऊन यायचे, भिंतीकडे पाहायचे.

"डाक्टर, हा घोडा कोनाचा जी?"

"दरेकसाकडचा," काका म्हणत.

यात खोटं काही नव्हतं. पुढे दुसरा फोटो लागला, मग तिसरा. "घोड्याचा बी इलाज करता वाटते तुमी?" असं कोणी म्हटलं की काका हसत आणि बैलाच्या तोंडात हात घालत. कोणालाही ते हो म्हणाले नाहीत. पण नाही म्हणायला त्यांना कधी सवड झाली नाही. मी एकदा दवाखान्यात गेले असताना एक म्हातारा त्या फोटोसमोर हात जोडून उभा होता. "काय जनावर हाय," तो म्हणाला. माझी छाती फुगली होती. फोटो जितके चांगले येत गेले तितका तो समज पक्का होत गेला.

मग तो रविवार आला. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नं सुरू झाली होती. आम्ही अंगणात एका नव्या घोड्याचे खूर रंगवत बसलो होतो, म्हणजे मी बसले होते, काका उभे. फाटकातून एक माणूस धावत आला. अंगावर बँडचा लाल कोट, बटणं उघडी. वरातीच्या घोडीचा मालक.

"डाक्टर साब, चलिए! रानी लोट रही है. सुबह से कुछ खाया नहीं, पेट को देख रही है बार बार."

"मोठ्या साहेबाले बोलवा," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"वो गांव गए हैं. और आप हैं ना! पूरा आमगांव जानता है, घोडे के डाक्टर तो आप हैं."

काका माझ्याकडे पाहायला लागले. मग त्यांनी पिशवी घेतली आणि म्हणाले, "मॅडम, तुमी बी चला."

लग्नाच्या कार्यालयामागे मोकळं मैदान होतं. घोडी तिथं जमिनीवर पडली होती, पांढरी, घामानं काळपट झालेली. अंगावरची जरीची झूल अर्धी सुटून मातीत गेली होती. ती पाय झाडत होती, लोळत होती, मान वळवून पोटाकडे पाहत होती. भोवती वऱ्हाडी उभे, नव्या कपड्यांत, बँडवाले वाद्यं गळ्यात घालून. आम्ही दिसताच कोणी तरी म्हणालं, "सरका, सरका, घोड्याचे डाक्टर आले." गर्दीनं वाट दिली.

काका वाटेनं आत गेले आणि घोडीपासून चार हातांवर थांबले. खिशातल्या थर्मामीटरला हात लावला. काढलं नाही. घोडीनं एकदा डोकं उचलून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्याचं पांढरं दिसत होतं. काका एक पाऊल मागे सरले. खरा घोडा इतका मोठा असतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मलाही तेव्हाच कळलं.

"डाक्टर साब, हाथ तो लगाइए," मालक म्हणाला.

"मी घोड्याले कदी हात नाही लावला," काका म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. मग ते मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं मी त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मी घोड्याचा डाक्टर नाही! मी एकाबी घोड्याचा इलाज केला नाही."

"अन् ते दवाखान्यातले फोटो?" वऱ्हाडातल्या एकानं विचारलं.

"ते खेळण्याचे घोडे हायेत. पलास्टिकचे. एवढे." त्यांनी हातानं वीतभर उंची दाखवली.

तो हात हवेत होता तेव्हा पहिलं हसू फुटलं. मग दुसरं. एक बाई मला ओळखत होती. ती म्हणाली, "मॅडम, ते फोटो तुमीच काढले न?"

"हो," मी म्हटलं, "मीच काढले." सगळ्या वऱ्हाडाचं तोंड माझ्याकडे वळलं. मला वाटलं, आत्ता काही तरी व्हावं, मांडव पडावा, काहीही व्हावं.

घोडीचा मालक मात्र हसला नाही. तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तो अब मेरी रानी का क्या?"

काकांनी त्याला दंडाला धरून उठवलं. गोंदियात एक निवृत्त डॉक्टर होते, नोकरीत त्यांनी घोडे पाहिलेले होते. कार्यालयातल्या फोनवरून काकांनी त्यांना गाठलं. ते निघतो म्हणाले. काका परत आले आणि मालकाला म्हणाले, "ते येईपर्यंत हिले लोळू द्यायचं नाही. आतडी पिळते. उठवून चालवत राहायचं. हे मले पुस्तकातून मालूम हाय. पुस्तकातूनच हाय, आधी सांगून ठेवतो."

दोघांनी मिळून घोडीला उठवलं. एका बाजूनं मालक, दुसऱ्या बाजूनं दोर धरून काका, आणि मैदानाच्या फेऱ्या सुरू झाल्या. घोडी बसायला बघायची, मालक ओरडायचा, काका दोर ओढायचे आणि तिनं मान झटकली की स्वतःच दचकून बाजूला व्हायचे. प्रत्येक वेळी ते दचकले की भिंतीवर बसलेली पोरं टाळ्या वाजवायची. "डाक्टर, पलास्टिकचा नाही वो, चावते!" नवरदेव मोटारीतून देवळात गेला. बँड गेला. हसणारे काही गेले, नवे आले. मी कडेला काकांची पिशवी धरून उभी होते. निघून जावं असं हजार वेळा वाटलं आणि पाय हलले नाहीत. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी एकदाही गर्दीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

गोंदियाचे डॉक्टर ऊन उतरताना आले. नाकातून नळी घातली, तेल दिलं, इंजेक्शन दिलं. दिवेलागणीला घोडीनं लीद टाकली आणि मालक तिच्या गळ्यात पडून रडला. डॉक्टर काकांना म्हणाले, "चालवत ठेवलं ते बरं केलं." हे ऐकायला तेव्हा तिथं मी आणि दोन बँडवाले होतो.

बाजारात मात्र घोडी वाचली ही बातमी गेलीच नाही. गेलं ते वीतभराचं माप. दुसऱ्या दिवसापासून काका "पलास्टिक डाक्टर" झाले. पानठेल्यावरची माणसं त्यांची मोपेड दिसली की हातानं वीतभर उंची दाखवायची. काकू दोन आठवडे बाजारात गेल्या नाहीत. भाजी मी आणत होते आणि मलाही कोणी सोडत नव्हतं. "घरी घोडे पाळले," काकू चुलीपुढे बसून म्हणायच्या, "अन् भायेर आमाले गाढव केलं."

त्या घटनेनंतरच्या सकाळी काका पाटावर बसून जेवले. काकूंनी कितीतरी वर्षं ज्यासाठी डोकं फोडलं होतं ते घडलं, आणि त्या वाढता वाढता थांबून म्हणाल्या, "तब्येत बरी हाय न जी?" त्यांनी ताट पुढे सरकवलं. बरेच दिवस ते बसूनच जेवत होते.

मला वाटलं, आता फोटो उतरतील. मी तसं म्हटलंही. पण दवाखान्यात गेले तर फोटो होते तिथंच होते, आणि प्रत्येकाच्या खाली त्यांनी पांढऱ्या रंगानं, जनावरांचे नंबर लिहितात तशा जाड अक्षरांत, लिहिलं होतं: हे खेळणे आहे.

"काका, हे कशाला? काढून टाका ना."

"काहाडले तर लोक म्हनतील, लपवून राहिला." त्यांनी ब्रश केरोसीनमध्ये बुडवला. "अन् फोटो तर चांगले हायेत."

मग त्यांची ती खोडच झाली. कोणी घरी आलं, नजर कपाटाकडे गेली, की हे आधीच सांगायचे, "खोटे हायेत हं सगळे." समोरच्यानं विचारलेलं नसायचं. मला ते ऐकवत नसे. पुढे माझी तिरोड्याला बदली झाली, मोबाईलवर फोटो निघायला लागले, तेव्हाही ते एखाद्या घोड्याचा फोटो पाठवत आणि लगेच फोन करून सांगत, "मॅडम, खेळन्याचा हाय." जणू मीही फसेन. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या नर्सलाही त्यांनी तेच सांगितलं, असं काकूंनी मला सांगितलं.

पण सांगायची गोष्ट त्या आधीची आहे, मी आमगावातच असतानाची. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, ओळीनं उभी राहतात, चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं. त्या वर्षी मंडळाची पोरं घरी आली आणि अतिशय नम्रपणे काकांना परीक्षक व्हा म्हणाली. त्यातल्या एकाला हसू दाबता येत नव्हतं. काकूंनी ते पाहिलं. पोरं गेल्यावर त्या म्हणाल्या, "जाऊ नोका जी. लाकडाच्या बैलाचा डाक्टर करून राहिले तुमाले. गंमत पाहाची हाय त्याहीले."

"मालूम हाय," काका म्हणाले.

"मंग कायले जाता?"

"पोरं बैल आनतील न. कोनी तं पाहाले पायजे."

ते धुतलेला शर्ट घालून, पिशवी घेऊन गेले. मला बोलावलं नव्हतं, पण काकूंनी मला मागोमाग पाठवलं. मैदान भरलेलं होतं. माझे विद्यार्थी, त्यांचे आईबाप, मुख्याध्यापक. काकांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला गेला आणि माईकवर आवाज आला, "आता आपले सुप्रसिद्ध डाक्टरसाहेब बैलांची तपासनी करतील! जनावर खरं हाय का खोटं, ते तेच सांगतील!" मैदान असं हसलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काका ओळीच्या टोकाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या बैलाचा खूर उचलून पाहायला लागले. नाटक नव्हतं त्यात. त्यांनी शिंगांवरून हात फिरवला, पाठीची रेघ पाहिली, जरा मागे सरून मान तिरपी केली. बैलाच्या मालकिणीला, एका लहान मुलीला, विचारलं, "चाक कुरकुरते काय याचं?" ती म्हणाली, "कुरकुरते." "तेल देजो," ते म्हणाले आणि पुढे सरकले. लोक हसतच होते. हसणं थांबलं, सगळे चूप झाले, असं काही झालं नाही. माईकवाला मधेमधे भर घालत होता. ओळीतली मुलं मात्र आपापला बैल दोन्ही हातांनी सरळ करत होती.

ओळ अर्धी झाली असेल. गर्दीतून एक शेतकरी वाट काढत आला, पंचा डोक्याला, पाय चिखलाचे. तो काकांच्या कानाशी वाकला. मी जवळच होते, म्हणून ऐकलं. त्याची गाय पहाटे व्याली होती आणि वासरामागची वार अजून पडली नव्हती.

"उभी हाय का बसली?" काकांनी विचारलं.

"उभी हाय, पन थरथरून राहिली."

काका उठले. गळ्यातला हार काढून त्यांनी माझ्या हातात दिला, पिशवी घेतली आणि त्या शेतकऱ्याला मोपेडवर मागे बसवून निघाले.

"ओ डाक्टर!" माईकवर आवाज आला. "बक्षीस कोनाले देऊ?"

काकांनी वळून न पाहता सांगितलं, "मॅडम सांगतील."

सगळं मैदान माझ्याकडे पाहत होतं. हातात हार, आणि समोर ओळीत राहिलेली मुलं. कोणी तरी मागून ओरडलं, "मॅडम, झोपून पाहा!" आणि पुन्हा हशा झाला. माझे कान पेटले होते. मी हार मनगटाला गुंडाळला, पुढच्या बैलासमोर खाली बसले, आणि त्याच्या मालकाला विचारलं, "नाव काय रे याचं?"

संध्याकाळी काका परत आले. बाह्या खांद्यापर्यंत दुमडलेल्या, हाताला लाल औषधाचा वास. अंगणातल्या टाकीपाशी उभं राहून म्हणाले, "पडली वार. गाय बरी हाय." मग साबण लावता लावता विचारलं, "पयला नंबर कोनाले देला?"

मी सांगितलं. सुताराच्या मुलाचा, निळ्या शिंगांचा, बिनचाकाचा.

"कायले?"

"मान फार छान होती त्याची. जिवंत वाटत होती."

"चारी पाय भुईले टेकत होते काय?"

मी आठवून पाहिलं. "मागचा एक थोडा वर होता."

"मंग चुकलं तुमचं," काका म्हणाले, आणि हातांवर पाणी घेतलं.